व्हर्मिअरवरची कादंबरी वाचताना

चित्रकारावरची तुमची ही पहिलीच कादंबरी, आणि तीही व्हर्मिअरवरची! आधी चित्रं डोळे भरून बघा, मग पान उलटा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या या माणसाची (१६३२-१६७५) पत्रं नाहीत, रोजनिशी नाही. चित्रं जेमतेम पस्तीसेक. मग कादंबरीकार एखादी मोलकरीण उभी करतो आणि तिच्या नजरेतून व्हर्मिअरला दाखवतो. पण त्याच्या गाजलेल्या चित्रातली, मोत्याचा डूल घातलेली ती मुलगी कोण, हे आजवर कळलेलं नाही. मुळात ते कुणा एकीचं व्यक्तिचित्र नव्हेच. अशा चेहऱ्यांना तेव्हा 'ट्रोनी' म्हणत. तिची प्रेमकथा म्हणूनच कथा म्हणून वाचा.

लेखकाचा कस लागतो तो रंगांत. अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड कुटून, धुऊन त्यातून निळा कसा निघतो, हे ज्याने मन लावून लिहिलंय त्याच्यावर मी भरवसा ठेवते.

आणि व्हर्मिअरची बायको, कॅथरिना. तिला पुष्कळदा कजाग रंगवतात, ते मला फार लागतं. अकरा मुलं पदरात, नवरा कर्जात गेलेला. १६७६ च्या जानेवारीत पाववाल्याच्या ६१७ गिल्डरच्या उधारीपोटी तिने दोन चित्रं त्याच्या हवाली केली. तो प्रसंग कादंबरीत येतो का, बघा. आला असेल तर सावकाश वाचा.