नुसते चौकोन काढायचा विषय घेऊ का?

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इलेक्टिव्ह निवडायचाय, त्यात ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन आहे, एचसीआय म्हणतात तो, माणसाला ॲप किंवा यंत्र सहज वापरता यावं म्हणून ते कसं रचायचं ह्याचा. वर्गातली मुलं म्हणतात कागदावर चौकोन काढायचे, रंग भरायचे, फुकटचे मार्क. पण माझी चित्रकला शाळेपासून दिव्य आहे, आणि बाबांचं म्हणणं कोडिंगचाच विषय घे. काय करू?

उत्तर: घे गं. चित्रकलेचं टेन्शन तर आधी सोड, मला अजून सरळ रेघ मारता येत नाही. चौकोन काढायचे असतात हे खरं, पण ते मुद्दाम कच्चे काढायचे असतात, कारण गुळगुळीत स्क्रीन समोर धरली की लोक भिडेपोटी छान छान म्हणतात आणि पेन्सिलीने खरडलेला कागद दिला की हेच लोक बिनधास्त सांगतात की हे कळत नाही, ते खोडून टाक. ह्याला पेपर प्रोटोटाइप म्हणतात.

मी शिकत होते तेव्हा आमच्या ग्रुपने फेरीबोटीच्या वेळा सांगणारं ॲप केलेलं, कागदावरच. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जायला उभ्या असलेल्या एका काकांना कागद दिला, म्हटलं पुढची बोट कधी ते ह्यात बघा. काकांनी सरळ वरच्या बोटीच्या चित्रावर बोट ठेवलं (विनोद माझा नाही, मराठीचा आहे). काही होईना. परत दाबलं, जरा जोरात. बोट आम्ही आपली शोभेला काढलेली, खरं बटण खाली कोपऱ्यात, त्यावर ‘शेड्यूल’ लिहिलेलं. मला राहवेना, म्हटलं, "तें न्हय काका, सकयलें!" (ते नाही, खालचं!) काका ओशाळले, म्हणाले आम्हाला ह्या मोबाइलातलं कळत नाही बाय, तेवढ्यात खरी बोट लागली आणि ते कागद माझ्या हातात कोंबून चढले. सर मागे उभे होते. म्हणाले, ॲप घेणाऱ्या प्रत्येकाबरोबर तू धक्क्यावर उभी राहणार काय सांगायला?

टेस्ट चालू असताना तोंड बंद ठेवणं हा ह्या कोर्सचा सगळ्यात कठीण धडा आहे, कोडिंगपेक्षा कठीण. माणसाला फक्त एवढंच सांगायचं की मनात येईल ते मोठ्याने बोला, आणि आपण लिहून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते चित्रच बटण केलं आणि त्यावर ‘पुढची बोट’ लिहिलं.

काका ओशाळले ते मला अजून लागतं, कारण चूक आमची होती. डॉन नॉर्मन नावाच्या डिझाइनच्या अभ्यासकाने 1988 सालीच पुस्तक लिहून हे सांगितलंय, दाराला ओढायची मूठ लावायची आणि वर ‘ढकला’ची पाटी, मग माणूस दार ओढत बसला तर मूर्ख कोण? असल्या दाराला आता नॉर्मन डोअरच म्हणतात.

बाकी थिअरी आहेच, अगदी गणितासकट. फिट्सचा नियम येईल, 1954 चा: बटण जितकं दूर आणि जितकं लहान तितका तिथे पोचायला वेळ जास्त. म्हणून तर मॅकचा मेन्यू स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला, माउस कितीही जोरात फेकला तरी बाण कडेला अडकून थांबतोच. माउसवरून आठवलं, माउस शोधणाऱ्या डग्लस एंगलबार्टने 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला, इतिहासाच्या लेक्चरला हे हमखास येतं. वापरायला सोपं आहे का ते तपासायचे निल्सनचे 10 नियमही पाठ होतील, पण पाठ करून उपयोग नाही, ते हातात घेऊन एखादं बिल भरायचं ॲप तपासत बसलीस तर अर्ध्या तासात वही भरेल.

टेस्टला हॉस्टेलच्या मैत्रिणी धरू नकोस. सगळे तेच करतात आणि सगळ्यांचा रिपोर्ट सारखा येतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा, 5 माणसं पुरतात, पण एकदाच नाही हं, 5 जण, मग दुरुस्ती, मग परत दुसरे 5. आणि मासेवालीला धंद्याच्या टायमाला गाठू नकोस, टेस्ट राहील बाजूला, शिव्या खाशील.

बाबांना सांग कोडिंग सुटत नाही, बाकीचे विषय आहेतच की. नोकरीची गॅरंटी मी देणार नाही, ती कुठल्याच विषयाला नाही.

प्रश्न: मी फोंड्याचा, निवृत्त शिक्षक. कोडिंग येत नाही. हा विषय घरबसल्या शिकता येईल का?

उत्तर: येईल की सर. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, ह्या विषयाचे कोर्स आले आहेत, शिकायला फुकट, फक्त परीक्षा दिली तर फी. कोडिंगवाले आठवडे येतील तिथे खुशाल पुढे जा. तुम्ही आयुष्यभर मुलांचे चेहरे बघून ओळखलंत की कुणाला कळलं नि कुणाला नाही, इथे तेच करायचंय. सुरुवातीला मोबाइलवर मिळाला तर स्वरचक्र कीबोर्ड टाकून बघा, आयआयटी मुंबईच्या आयडीसी ह्या डिझाइन विभागातला. ‘क’ दाबून धरला की भोवती का, कि, की असं चाक उघडतं, म्हणजे आपली बाराखडीच! कुणीतरी मराठी माणूस कसा लिहितो ते आधी बघितलं आणि मग कीबोर्ड केला, ते हात लावल्यावर कळतं.

प्रश्न: प्रोजेक्ट मराठीत करतोय. बटणावरच्या शब्दांचे उकार कापले जातात, फॉन्ट खराब आहे का? (मडगाव)

उत्तर: बहुतेक फॉन्ट नाही, ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवलेली असणार. वर वेलांटी, खाली उकार, दोन्हीला जागा लागते. लाइन हाइट वाढव आणि ‘पूर्ती’ लिहून बघ, तो शब्द नीट दिसला तर बहुतेक बाकीचेही दिसतील.