गार्गॉयलचा टॅटू काढण्याआधी

तुम्हाला दंडावर तेराव्या शतकातला गार्गॉयल, म्हणजे जुन्या चर्चच्या भिंतीपासून पावसाचं पाणी लांब फेकणारं दगडी जनावर, टॅटू म्हणून हवा आहे, पण सोबत तुम्ही दिलेलं चित्र दोन्ही तळव्यांत गाल धरून, जीभ बाहेर काढून बसलेल्या पंखवाल्या राक्षसाचं आहे. हा पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलवरचा 'स्ट्रीज'. तो एकोणिसाव्या शतकातला. १८४४ साली कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराचं काम लासू आणि व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदांकडे आलं, त्या कामात मनोऱ्यांवरच्या सज्जाच्या कठड्यावर हा आणि असे इतर राक्षस नव्याने बसवले गेले. १८५३ मध्ये शार्ल मेरियॉन या चित्रकाराने स्ट्रीजचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) केलं. मला हा राक्षस आवडतो, जरूर काढा. मात्र त्याच्यातून पाण्याचा थेंबही वाहत नाही.

खरा गार्गॉयल ही दगडी पन्हळ. पाठीवर खोदलेला चर आणि उघड्या तोंडातून पडणारी धार. पाणी भिंतीवर ओघळलं की सांध्यांतला चुना धुपतो, म्हणून ते लांब फेकायचं. त्यासाठीच मान आणि धड ताणून आडवं केलेलं असतं. मुंबईत असाल तर सीएसएमटीच्या इमारतीवर दुर्बिणीने बघा, तिथे पाणी फेकणारी अशी जनावरं आहेत. आपल्या देवळांत अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुखही याच कामाचं.

आता डिझाइन. ताणलेलं शरीर दंडापेक्षा हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपरापासून मनगटाकडे, फार छान बसतं. स्ट्रीज उभ्या जागेत, म्हणजे खांद्याखाली, शोभतो.

दगड दगडासारखा दिसायला नुसता राखाडी रंग भरून भागत नाही. जुन्या चुनखडीवर जिथे पाऊस लागतो तो भाग धुऊन फिकट होतो आणि आडोशाला काळी पुटं धरतात. म्हणजे कपाळ, नाक, पाठ उजळ; हनुवटीखाली, काखेत, पंखांच्या आत गडद. उजळ जागी चक्क मोकळी त्वचा सोडायला सांगा. तोंडाची पोकळी मात्र पूर्ण काळी, नाहीतर चेहरा सपाट दिसतो. बारीक भेगांचा मोह टाळा: वर्षं जातात तशी शाई थोडी पसरते आणि जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात. चेहरा तळहाताएवढा तरी असू द्या.

आर्टिस्ट ठरवताना ताज्या टॅटूचे फोटो बघून निर्णय घेऊ नका. दोन-तीन वर्षं झालेली ब्लॅक अँड ग्रे (फक्त काळ्या-राखाडी छटांची) कामं मागा, आणि त्यात काळा अजून काळाच राहिलाय का ते बघा.