वाण्याची वही बरी होती

घरखर्चाच्या या सदराला या वेळी आलेली पत्रं वाचताना एकच पत्र वेगवेगळ्या अक्षरांत आल्यासारखं वाटलं. पगार तोच, पिशवी हलकी, करू काय? म्हणून गुंतवणुकीचे प्रश्न पुढच्या खेपेला. आज किराणा, आणि किराण्यापायी घरात जे काही होतं ते. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या घरचे आकडे माझ्यासमोर नाहीत, तेव्हा मोठा निर्णय घेण्याआधी जाणत्या माणसापुढे कागद घेऊन बसा.

सुट्या पिठावर जीएसटी नाही असं ऐकलं. मग पाकीट कशाला घ्यायचं?
— गृहिणी, इचलकरंजी

बरोबर ऐकलंत. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर ५ टक्के आहे, सुट्यावर नाही. गहू आणा, गिरणीत दळून घ्या. मात्र हाच न्याय तेलाला लावू नका. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं मनाई आहे, आणि ती उगाच नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलेलं निघालं आणि माणसं दगावली.

टीव्हीवर सांगतात महागाई उतरली. आमच्याकडे तर काही उतरलेलं दिसत नाही. खोटं कोण बोलतंय?
— निवृत्त शिक्षक, वाई

कोणीच नाही. गुरुजी, तुम्ही गणित शिकवलं असेल तर हे तुम्हीच मला समजावाल. उतरतो तो वाढीचा वेग. भाव त्यासोबत उतरतोच असं नाही.

सरकारी आकडेच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नपदार्थ आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा १०.८७ टक्क्यांनी महाग होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेच ५.०२ टक्क्यांनी स्वस्त झाले आणि एकूण महागाईचा दर अवघा पाव टक्का निघाला. बातमी मोठी झाली. आता पिशवी भरून बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना भरलेली पिशवी वर्षानं १११ ला गेली आणि आणखी एका वर्षानं १०५ वर आली. स्वस्ताईच्या त्या बातमीच्या दिवशीसुद्धा तुम्ही पाच रुपये जास्तच मोजत होतात. त्यातही उतरल्या त्या भाज्या आणि डाळी. तेल नाही उतरलं.

दुसरं, हा आकडा सगळ्या देशाच्या सरासरी घराचा आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून महागाई मोजणाऱ्या निर्देशांकात अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के, शिक्षणाचा साडेचारच्या आत आणि आरोग्याचा सहाच्या आत. तुमच्या घरी नातवाची फी आणि रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर हे घर तुमचं नव्हे. २०२३-२४ च्या उपभोग सर्वेक्षणात ग्रामीण भागात शंभर रुपयांच्या खर्चातले ४७ अन्नावर जात होते, शहरात जवळपास ४०. म्हणजे तीच भाववाढ वाईत एक आणि कोथरूडमध्ये दुसरीच.

तुमचा निर्देशांक तुम्हीच काढा. तीन महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि फक्त दहा वस्तू बघा. बिलं फेकून देत असाल तर मात्र महागाईवर बोलू नका, अंदाजावर बोलताय.

नेहमीच्या बिस्किटाचा पुडा पाचच रुपयांना आहे, पण मुलगा म्हणतो बिस्किटं कमी झाली. भास होतोय का त्याला?
— नोकरदार आई, नागपूर

मुलगा हुशार आहे. भाव वाढवला की गिऱ्हाईक बोंब मारतं, वजन कमी केलं की कोणी बोलत नाही. कंपन्यांना हे तुमच्या-माझ्या आधी कळलेलं आहे. पूर्वी बिस्किटं, चहा, तेल अशा वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटांत विकायचं बंधन होतं. नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं ती यादी काढून टाकली आणि बदल्यात पाकिटावर एकक दर, म्हणजे एका ग्रॅमला किंवा किलोला किती रुपये पडतात ते छापणं आलं. सरकारनं पळवाट उघडली आणि तिच्यावर दिवाही लावला म्हणा. दिवा मात्र फारच बारीक. एमआरपीच्या आसपास, मुंगीच्या अक्षरात.

मागच्या आठवड्यात माझ्याच ओट्यावर सोयाबीन तेलाच्या दोन पिशव्या होत्या. उंची तीच, सूर्यफुलासारखा पिवळाधमक रंग तोच. एकीवर १ लिटर, ९१० ग्रॅम, १५५ रुपये. दुसरीवर ८५० ग्रॅम, १४८ रुपये, आणि कोपऱ्यात लाल चांदणीत ‘बचत’. मी ती दुसरी उचलली होती, सात रुपये वाचले म्हणून. घरी येऊन भागाकार केला तर पहिली किलोला १७० पडते, दुसरी १७४. बावीस वर्षं लोकांचे हिशेब बघणारी बाई लाल चांदणीला भुलली.

तेव्हा पाकिटाची उंची, चांदणी, ‘२० टक्के जादा’ यांतलं काही बघू नका. निव्वळ वजन आणि एकक दर, बस्स. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हाही समजच आहे, एकेकदा दोन लहान घेतलेली परवडतात. छापलेल्या वजनापेक्षा माल कमी भरला किंवा एमआरपीहून जास्त पैसे घेतले तर पाकीट आणि बिल दोन्ही जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार करा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे तक्रार नव्हे.

ग्रुपवर आलंय की सणाआधी तेल २५० च्या वर जाणार. १५ लिटरचे चार डबे भरून ठेवू का?
— दुकानदार नाही, साधा गिऱ्हाईक, जालना

नको. कोणी पाठवलं, त्याला कोणी पाठवलं, विचारा. तिसऱ्या माणसाच्या पुढे माग लागणार नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतातल्या शहरांत मीठ संपणार म्हणून अशीच आवई उठली होती. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात लोकांनी मिठासाठी रांगा लावल्या आणि मागेल तो भाव दिला.

आपण लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यामुळे भाव परदेशी पीक आणि आपलं आयात शुल्क यांवर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं, मे २०२५ अखेर कमी केलं. दोन्ही निर्णय आदल्या दिवशी तुमच्या ग्रुपला ठाऊक नव्हते. चार डबे म्हणजे साठ लिटर, आणि एका घरात ते संपेस्तोवर खवट होईल. महिन्याचं घ्या. फार तर दोन महिन्यांचं.

वर्षाचं धान्य एकदम भरणं परवडतं का?
— सून, सासूबाईंच्या वतीनं, सातारा

परवडतं. जागा कोरडी हवी आणि पैसे हातातले हवेत. उसने काढून भरणार असाल तर नाही.

आम्ही दोघं नोकरी करतो, पुण्यात भाड्यानं राहतो. किराणा, भाजी, दूध सगळं ॲपवरून, क्रेडिट कार्डावर. आधी पूर्ण बिल भरायचो. सगळंच महाग झाल्यावर गेले सहा महिने ‘किमान रक्कम’ भरतोय. सध्या १८,००० थकलेत. मर्यादा वाढवून घ्या असा कंपनीचा निरोप आहे. मित्र म्हणतो किमान रक्कम वेळेवर गेली की काही बिघडत नाही. काळजीचं आहे का?
— सॉफ्टवेअर नोकरदार, पुणे

आहे. सहा महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतंत. आणि मित्राला हिशेब येत नाही.

आता कागद घ्या. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू, वर्षाचे ४२ झाले. १८,००० वर महिन्याचं व्याज ६३०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ११३. झाले ७४३. किमान रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही भरता ९००. मूळ थकबाकीतून कमी झाले १५७ रुपये. अठरा हजारांतले एकशे सत्तावन्न! तेवढ्यात आज संध्याकाळी तुम्ही कांदे-बटाटे आणि दही मागवलंत की ते १५७ गेले. शिवाय मागचं पूर्ण भरलेलं नसताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्या दह्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. कुकरमधली डाळ जूनमध्येच संपली, तिचं व्याज मात्र अजून शिजतंय.

हे पत्र एकट्याचं असतं तर मी एवढं तापले नसते. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या जोडप्यांचं आता हेच ऐकते. घर, गाडी यांचं कर्ज लोक दहा ठिकाणी विचारून घेतात. किराण्याचं कर्ज घेतलंय हे त्यांना माहीतच नसतं.

आमच्या चाळीखाली वाणी होता. लांबट, लाल बांधणीची वही, प्रत्येक घराला एक पान. आई महिनाभर उधार आणायची, एक तारखेला बाबा चुकते करायचे. एकदा दोन महिने जमलं नाही, तर वाण्यानं वही फिरवून आईपुढे धरली आणि हळूच म्हणाला, “वहिनी, मागचे सहाशे चाळीस राहिलेत. या वेळी डाळ अर्धा किलोच देतो.” आई कानापर्यंत लाल झाली. घरी आल्यावर बाबांची सिगारेट आणि माझं नवं दप्तर, दोन्ही त्या महिन्यापुरतं बंद. वाणी संत नव्हता, काटा मारायचा आणि क्वचित पानावर जास्तीचंही लिहायचा. पण त्याच्या वहीला व्याज नव्हतं, आणि देणं वाढलं की तो हात आखडता घ्यायचा. कार्डाचं उलट आहे. तुम्ही फेडेनासे झालात की मर्यादा वाढवून मिळते, आणि वर अभिनंदनाचा निरोप.

त्या निरोपाला होकार देऊ नका. किराण्याच्या ॲपमधून कार्डाचा नंबर आज काढून टाका. बँक खात्यातून यूपीआयनं द्या किंवा रोख द्या, म्हणजे खातं रिकामं होताना दिसेल. मग दोघांनी मिळून बँकेच्या शाखेत जा. दोघांनी. एकानं लपवायचं आणि दुसऱ्याला वर्षानं कळायचं, ही गोष्ट मी फार वेळा पाहिली आहे. थकलेली रक्कम हप्त्यांत वळवून मिळते का, व्याज किती, प्रक्रिया शुल्क किती, हे लेखी मागा. वैयक्तिक कर्जाचा किंवा सोन्यावरच्या कर्जाचा दर सहसा कार्डापेक्षा बराच कमी असतो, पण तुम्हाला कोणतं झेपेल ते तुमच्या पगारपत्रकावरून ठरेल, माझ्या सदरातून नाही. पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो सोबत न्या.

‘पाच मिनिटांत कर्ज’ देणाऱ्या ॲपनं कार्ड फेडू नका, हे मुद्दाम बजावते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे, आधी ती बघा. एकूण वार्षिक खर्च सांगणारं मुख्य तथ्यपत्रक देत नसतील, तर तिथून उठा. फोनमधले नंबर आणि फोटो मागणारा सावकार वसुलीच्या वेळी ते वापरणार हे गृहीत धरा. धमक्या सुरू झाल्याच असतील तर लाजून बसू नका, सायबर हेल्पलाइन १९३० आणि जवळचं पोलीस ठाणं.

बँकेत याच आठवड्यात जा. ‘बोनस आला की बघू’ हे वाक्य तुमच्या पत्रात नाही, पण डोक्यात असणार.

खर्च भागत नाही, म्हणून यंदा आरोग्य विम्याचा हप्ता थांबवू का?
— रिक्षाचालक, ठाणे

नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेव्हा आधी नवा हप्ता किती आला ते बघा. तरी जड वाटला तर मुदत उलटण्याआधी विमा कंपनीला गाठा आणि विम्याची रक्कम कमी करून हप्ता उतरवता येतो का विचारा. पॉलिसी तुटली तर जुन्या आजारांना विमा लागू व्हावा म्हणून थांबलेली वर्षं वाया जाऊ शकतात.

ठेवींच्या व्याजात महिना निघत नाही. ओळखीचे एक गृहस्थ दरमहा २ टक्के देणारी योजना सांगतात. ६ लाख ठेवू का?
— निवृत्त कर्मचारी, सोलापूर

दरमहा २ म्हणजे वर्षाला २४. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, तेव्हा लोकांना तोही भरघोस वाटला होता. त्याच्या तिप्पट कोण आणि कशातून देणार, हे त्या गृहस्थांना कागदावर लिहून मागा. ते गृहस्थ दोन महिने फिरकणार नाहीत.

बँकेतल्या ठेवीला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही, आणि गृहस्थांच्या योजनेला तर काहीच नाही. योजना चालवणारी संस्था नोंदलेली आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येतं. तुम्हाला जमत नसेल तर मुलीला सांगा. सध्याचा दर पोस्टात विचारा आणि ६ लाखांची वाटणी सेबीकडे नोंदणी असलेल्या, फी घेणाऱ्या सल्लागाराकडून करून घ्या. फुकट सल्ला देणाऱ्याला पैसे दुसरीकडून मिळत असतात.

मुलांचं दूध निम्मं केलं तर चालेल का?
— आई, रत्नागिरी

हा प्रश्न माझा नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारा. मी एवढंच सांगेन, आधी कोल्ड्रिंक आणि कुरकुरीत पुडे बंद करून बघा, कदाचित दुधापर्यंत यावं लागणार नाही.

दुकानात घासाघीस करायची लाज वाटते. एमआरपी म्हणजे ठरलेलाच भाव ना?
— नवविवाहिता, बेळगाव

नाही. ती कमाल किंमत आहे, त्याखाली कितीलाही विकता येतं. पाच रुपये कमी करा म्हणा, फार तर नाही म्हणतील.