आई-बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी म्युनिकला येताहेत. एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं कोणती?

मी तुमच्या नाही, तुमच्या बाबांच्या बाजूचा माणूस आहे. अजनीला राहतो, रेल्वेत टीसी होतो, छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवरा-बायको मुलाकडे म्युनिकला नव्वद दिवसांच्या व्हिसावर राहून आलो. तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवारी सकाळी निघून रात्री घरी येता यावं, बाबांचे गुडघे दुखतात, आणि बरोबर मित्रांचीही एक-दोन कुटुंबं असतील. ठिकाणं सांगतो, पण आधी एक ऐका: एका दिवशी एकच ठिकाण.

आमच्या पोरानं आम्ही पोचायच्या आधीच कॉम्प्युटरवर तक्ता करून ठेवला होता. पहिल्याच शनिवारी सकाळी राजवाडा, दुपारी चर्च, संध्याकाळी जुनं गाव. तिसऱ्या ठिकाणी आमची मंडळी बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही पाहून या, मी पर्स सांभाळते." हे वाक्य ओळखायला शिका. आई-बाबा 'थकलो' म्हणत नाहीत. पोरानं सुट्टी घालवली, पैसे घातले, आता नाही कसं म्हणायचं, म्हणून मग पर्स सांभाळतात. मी त्या दिवशी चर्च पाहिलं, पण लक्ष सगळं बाकाकडे.

नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा दाखवावाच लागेल. नाही दाखवला तर नागपुरात परतल्यावर शेजारी विचारतात, "तो क्यालेंडरवरचा पाहिला का नाही?" तिकीट आधीच ऑनलाइन काढा, त्यावर आत शिरायची वेळ असते आणि ती चुकली की गेली. म्युनिकहून फ्युसेन दोन तास, पुढे बसनं पायथ्याचं गाव. गुडघ्यांची परीक्षा तिथून. गावातून वर चालत अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे. घोडागाडी मिळते, बसही मिळते, पण दोन्ही दारापर्यंत सोडत नाहीत, थोडं चालावंच लागतं. आत गेल्यावर दीडशेहून जास्त पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या, त्या वेगळ्या, आणि घोळक्याबरोबर चालायचं असल्यानं मध्येच टेकता येत नाही. गाइड अर्ध्या तासात सगळं दाखवून बाहेर काढतो, फोटो काढू देत नाहीत. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानं १८६९ साली पायाभरणी केली, १८८६ मध्ये तो तळ्यात मेलेला सापडला, आणि पुढच्या काही आठवड्यांत राजवाडा तिकीट लावून लोकांसाठी उघडला. तिकीट लावून! मला हे फार आवडलं. हिचं मत मात्र असं की रामटेकच्या गडावर एवढ्याच पायऱ्या चढल्यावर निदान रामाचं दर्शन होतं. तुमच्या बाबांचे गुडघे खरोखरच वाईट असतील तर वर जाऊच नका. खालच्या गावातून राजवाडा चांगला दिसतो, जवळच तळं आहे, त्याच्या काठी बसवा.

तळ्यांवरून आता मुख्य गोष्ट सांगतो.

जूनमधल्या एका रविवारी टेगर्नसेला जायचं ठरलं. 'से' म्हणजे तळं, एवढं जर्मन मला तोवर येऊ लागलं होतं. मुलगा, सून, नातू, आम्ही दोघं आणि मुलाचा अमरावतीचा मित्र त्याच्या बायको-पोरांसह. म्युनिकच्या फलाटावर ही गर्दी. हिला लांब चालवेना म्हणून आम्ही दोघं समोर आलेल्या दारातून चढलो, बाकीचे पुढे पळाले. मुलानं हातानंच खूण केली, बसा तिथेच. बसलो. खिडकीची जागा मिळाली, मी खुशीत.

होल्झकिर्शेन नावाचं स्टेशन आलं. गाडी थोडा वेळ थांबली, काहीतरी घोषणा झाली, मग निघाली. मला काही खटकलं नाही. खरं तर मलाच खटकायला पाहिजे होतं. दक्षिण एक्स्प्रेसचे विशाखापट्टणमचे डबे काजीपेठला सुटायचे, हे नागपूरच्या टीसीला पाठ असायचं. आणि इथे मी खिडकीतून गाई मोजत बसलो! गाडीचे तिथे दोन भाग झाले होते. पोरं टेगर्नसेकडे निघाली, आम्ही दुसऱ्या फाट्यावर.

पुढच्या एका स्टेशनानंतर गणवेशातली एक बाई डब्यात शिरली. तिकीट तपासनीस ओळखायला मला भाषा लागत नाही, चालण्यावरूनच कळतं. तेव्हा लक्षात आलं की तिकडे पाच जणांत चालणारं बायर्न-टिकेट नावाचं एक तिकीट मिळतं, आमचंही त्यावरच होतं, आणि तो कागद मुलाच्या खिशात होता. ती आमच्यासमोर उभी राहिली. मी इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, तिकीट मुलाजवळ आहे, मुलगा पुढच्या डब्यात आहे."

हे वाक्य मी छत्तीस वर्षं रोज ऐकलंय. वर्ध्यापासून बल्लारशहापर्यंत प्रत्येक विदाउटवाला हेच म्हणतो, "साहेब, तिकीट पोराजवळ आहे, पोरगं समोरच्या डब्यात आहे." एकालाही मी सोडलेलं नाही. हिनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

ती बाई म्हणाली, पुढचा डबाच नाही, ही गाडी टेगर्नसेला जात नाही, श्लियरसेला जाते. हिच्या पर्समध्ये मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, ती दाखवली. बाईनं स्वतःच्या फोनवरून मुलाला फोन लावून दिला, परतीच्या गाडीची वेळ चिठ्ठीमागे लिहून दिली आणि निघून गेली. पावती फाडली नाही. तिच्या जागी मी असतो तर फाडली असती, हे मी हिला सांगितलं. "माहीत आहे," ही म्हणाली.

श्लियरसेचं स्टेशन तळ्यापासून दोन पावलांवर आहे. पोरांना तिकडून उलट येऊन गाडी बदलून पोचायला दोन तास लागले. ते दोन तास आम्ही काठच्या बाकावर बसलो. हिनं चपला काढून पाण्यात पाय घातले आणि लगेच ओरडून बाहेर काढले, पाणी एवढं गार. नागपुरात त्या आठवड्यात कूलरही घाम पुसत होता. पिशवीत पोळ्यांचे रोल होते, आत तीळ-जवसाची चटणी, ते खाल्ले. एक बदक आशेनं आलं, चटणी बघून परत गेलं. डोंगर, पाणी, चर्चचा मनोरा, कुठेही जायचं नाही, कुणाच्या मागे धावायचं नाही. नव्वद दिवसांत एवढी निवांत आम्ही कधीच बसलो नव्हतो. पोरं आली तेव्हा मुलाचा चेहरा पांढरा पडलेला, आणि आम्ही डुलक्या घेत होतो.

म्हणून तळी सांगतो आहे. जायचं कसं तेवढं शिका: या फाट्यावर डब्याच्या बाहेर लिहिलेलं असतं की हा भाग कुठे जाणार, चढण्याआधी ते वाचा. तिकिटाचा फोटो आणि तुमचा नंबर आई-बाबांच्या जवळ कागदावर द्या, फोनच्या भरवशावर राहू नका.

कीमसेही चांगलं. प्रीन स्टेशनवरून बंदरापर्यंत १८८७ सालची छोटी गाडी चालते. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयासमोर पोरगा लहानपणी हटून बसायचा, तसाच नातू तिथे बसला. बोटीनं बेटावर गेलं की त्याच लुडविगचा दुसरा राजवाडा, व्हर्सायची नक्कल, तोही अर्धवट राहिलेला. राजाला बहुतेक पूर्ण करण्यात रस नव्हता. क्योनिग्जसे दूर आहे, जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, पण बसून पाहायचं तर त्याच्यासारखं काही नाही. तिथे १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. मध्यावर उंच कड्यासमोर बोटवाला बोट थांबवतो, तुतारीसारखं वाद्य काढून दोन ओळी वाजवतो आणि कडा त्या परत करतो. मग टोपी फिरते. सुटी नाणी ठेवा.

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे, पण बायर्न-टिकेट तिथल्या स्टेशनापर्यंत चालतं. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना पुरतो, तरी पासपोर्ट बरोबर ठेवा. परत येताना सीमेवर पोलीस गाडीत चढतात. मोत्झार्टचं पिवळं घर बाहेरून पाहिलं तरी चालतं. किल्ल्यावर रेल्वे चढवते, तेव्हा गुडघ्यांना सुट्टी.

डाखाऊची छळछावणी तुम्ही विचारलेली नाही, पण बाबा विचारतील, माझ्यासारखे वर्तमानपत्रवाले असतील तर नक्की. १९३३ साली सुरू झालेली, म्युनिकहून लोकल आणि बसनं तासाभरात पोचता येतं, प्रवेशाला पैसे नाहीत. आम्ही दोघं बाप-लेकच गेलो, पोरांना आणि हिला नेलं नाही. मोठं मोकळं मैदान आहे, खडी टाकलेलं, चालताना पायाखाली ती करकरते, दुसरा आवाज नाही. परतीच्या गाडीत मुलगा आणि मी बोललो नाही. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

आता जेवणाचं. तुमच्या आईचा मोठा प्रश्न हाच असणार, आमच्या हिचा होता. बव्हेरियातल्या बिअर गार्डनमध्ये घरचा डबा घेऊन बसायची रीत आहे. १८१२ साली राजानं दारूभट्टीवाल्यांना आपल्या बागेत बिअर विकू दिली, पण जेवण विकायला मनाई केली, म्हणून लोक घरून आणू लागले. आजही टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर आपलं अन्न खाता येतं, प्यायचं तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. बिअर नको असेल तर सफरचंदाच्या रसात सोडा मिसळून देतात. आम्ही चेस्टनटच्या झाडाखाली सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, मांडल्या. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी एक घेतली, चावली, लाल झाले, आणि दुसरी मागितली. म्हणजे विदर्भाबाहेर हा प्रयोग चालतो. ही म्हणाली, ही तर आपली शेतातली रोडगे पार्टीच झाली, फक्त रोडगे भाजायच्या गोवऱ्या नाहीत.

मित्रांच्या कुटुंबांसाठी हिशेब: बायर्न-टिकेटवर पाच जण, शनिवार-रविवारी रात्री बारापासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत, आठवड्यातल्या इतर दिवशी सकाळी नऊनंतर. साध्या प्रादेशिक गाड्यांत चालतं, सुपरफास्टमध्ये नाही. प्रत्येकाचं नाव त्यावर लिहावं लागतं. तुमच्याकडे डॉइचलँड-टिकेट, म्हणजे जर्मनीभर साध्या गाड्यांत चालणारा महिन्याचा पास, असेल तर स्वतःला यात मोजू नका, पाच जागा पाहुण्यांना द्या. आई-बाबांनाही तीन महिन्यांसाठी तेच काढून देता येतं, फक्त ते चालू वर्गणीसारखं आहे. शेवटच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द नाही केलं तर ते नागपुरात जाऊन बसतील आणि पैसे कापले जात राहतील.

आणखी दोन बारीक गोष्टी. स्टेशनवरच्या संडासाला पैसे पडतात, म्हणून बाबांच्या खिशात रोज सकाळी नाणी घाला. मागायला त्यांना लाज वाटते, आणि मग ते पाणी पिणं सोडतात. दुसरं, एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली परत केली की पंचवीस सेंट मिळतात. हे मला कळलं आणि मी दर सहलीला सगळ्यांच्या बाटल्या पिशवीत गोळा करू लागलो. सुनेला संकोच वाटायचा. मला वाटायचं नाही.

शेवटचा शनिवार मोकळा ठेवा, त्यांच्या मनाचं विचारा. आमच्या पोरानं विचारलं तेव्हा त्याच्या तक्त्यात आणखी चार गावं शिल्लक होती. आम्ही पुन्हा श्लियरसेला गेलो. या वेळी तिकीट माझ्या खिशात होतं.