सतरा सह्या

जुलै लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांच्या पिशवीत एक वस्तू हमखास असते. शाळेचं कॅलेंडर. कॉन्व्हेंटशी संबंध न आलेल्यांसाठी सांगते, हे भिंतीवर टांगायचं नव्हे. नियम, प्रार्थना, रजेच्या चिठ्ठ्या, उशिरा आल्याच्या नोंदी आणि मागे शेऱ्यांची कोरी पानं, असं सगळं एकत्र बांधलेली ती डायरी. वसईपासून वांद्र्यापर्यंत तिला ‘कॅलेंडर’च म्हणतात. खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच बाई ती उघडून माझ्यापुढे सरकवते आणि म्हणते, “मॅडम, शाळेत मुलाला घातलंय की आम्हाला?”

हे मी कॅथलिक घरांतून ऐकते तितकंच हिंदू घरांतूनही ऐकते. केस इतकेच हवेत, नखं तपासणार, पीटीच्या दिवशी पांढरेच बूट, मोबाइल दिसला तर जप्त, ओपन डेला पालक हजर हवेत, गैरहजेरीची चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी हवी, मामाच्या लग्नाला रजा मिळणार नाही. कॅथलिक मुलांसाठी यावर आणखी एक थर असतो, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि धर्मशिक्षणाचा वर्ग. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पालकांची सही.

ही तक्रार पहिली-दुसरीच्या आया करत नाहीत. ती सुरू होते पाचवीला आणि शिगेला पोचते सातवीत. कारण साधं आहे. लहान वर्गात एकच मिस असते, ती रोज गेटवर भेटते, “आज डबा नाही खाल्ला हं” असं हसत सांगते. पाचवीनंतर विषयागणिक शिक्षक बदलतात, मुलगा एकटा जायला लागतो, आईला गेटवर येऊ नको म्हणतो. शाळा आणि घर यांच्यात उरतं फक्त ते कॅलेंडर. जे हसत सांगितलं जायचं ते लाल शाईत येतं. लाल शाईला चेहरा नसतो.

गेल्या काही वर्षांतलं एक घर सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मुलाला आपण धाकटा म्हणू, घरात त्याला तसंच म्हणतात. सातवीतला. वडील जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. आई नोकरी करणारी, घरी आजी. पिढ्यान्‌पिढ्या वसईतलं कॅथलिक कुटुंब.

आई आली ती तणतणतच. वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं होतं. धाकट्याने कॅलेंडरमध्ये आईच्या खोट्या सह्या केल्या होत्या. एक-दोन नाही, सतरा. शाळेने मुलाकडून लेखी माफी आणि पालकांकडून हमीपत्र मागितलं होतं.

“माझा मुलगा खोटारडा निघाला, हे एक,” ती म्हणाली. “पण हमीपत्र मी का द्यायचं? मी काय केलं? जहाजावरून हे म्हणतात, सही कर आणि विषय संपव. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी फादर घरी येऊन सांगायचे. मला वाटतं शाळाच बदलावी.”

मी कॅलेंडर मागून घेतलं. तिची सही मराठीत होती, आडनावाची शेपटी लांब ओढलेली, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. खऱ्या सह्या कधी तिरक्या, कधी घाईत, एकीवर तर हळदीचा डाग. खोट्या सतराच्या सतरा एकसारख्या, ठिपकेसुद्धा मोजून मापून. शिक्षिकेला संशय आला तो त्यामुळेच. रात्री दहाला दमलेली आई इतकी सुबक सही करत नाही.

इतकी मेहनत मूल केवळ मार चुकवण्यासाठी घेत नाही, असं माझं मत. मी एकट्या मुलाकडे कधीच पाहत नाही. मूल जे करतं ते घरातल्या कुणासाठी तरी करत असतं, हे धरून मी चालते. माझे काही सहकारी यावर हसतात. हसोत.

धाकटा दुसऱ्या भेटीत बोलला. शाळेच्या सवयीने मला मिसच म्हणत होता.

“मिस, मम्मी जेवत नाही.”

“कधी?”

“रिमार्क आला की. सही करते, मग भांडी घासते, मग झोपते. कालवण तसंच फ्रिजमध्ये.”

“मग तू काय केलंस?”

“मीच केली सही.” थोडा थांबला. “त्या दिवशी ती जेवली.”

खोलीत पंखा फिरत होता, बाकी आवाज नव्हता. मी वहीत काहीही लिहिलं नाही. अशा वाक्याला पेन लावू नये.

पुढच्या भेटीत आईला एकटीला बोलावलं. मुलाचं वाक्य लगेच सांगितलं नाही. एक शेरा काढून मोठ्याने वाचायला लावला. “नखं कापलेली नाहीत. कृपया लक्ष द्यावे.” तिने वाचला, पण वाचताना आवाज चढला, शेवटच्या शब्दाला तर ओरडलीच.

“पुन्हा वाचा. लिहिलंय तेवढंच.”

पुन्हा तेच.

मग मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, जो क्वचितच वाया जातो. “हे तुम्हाला कुणाच्या आवाजात ऐकू येतं?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या बाबांना बोलावलं होतं एकदा.”

तिच्या वडिलांची केळीची वाडी. घरातली कॉन्व्हेंटात शिकणारी ती पहिली. सातवीतच असताना कशासाठी तरी ऑफिसातून बोलावणं आलं. बाबा वाडीतूनच आले, चपलांना चिखल, म्हणून चपला दाराबाहेर काढल्या. हातात राजेळी केळ्यांची फणी. आतून जे काही इंग्रजीत सांगितलं गेलं त्यातलं त्यांना काही कळलं नाही, ते “यस, यस” म्हणत राहिले. ती शेजारी उभी होती आणि तिला सगळं कळत होतं. परत निघताना केळी बाकावरच राहिली. घ्या म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि उचलून परत न्यायचंही.

“त्या दिवशी ठरवलं मॅडम,” ती म्हणाली, “माझ्या मुलासाठी मला कुणी असं बोलावणार नाही.”

आता मी तिला धाकट्याचं वाक्य सांगितलं. ती रडली नाही. तिने कॅलेंडर ओढून घेतलं आणि त्या सतरा सह्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. “किती छान काढल्यात हो,” म्हणाली, आणि मग रडली.

मलाही काही नवं कळलं. पालकांचा राग नियमांवर असतो असं मी बरीच वर्षं धरून चालले होते आणि नियम कसे वाजवी आहेत ते समजावत बसायचे. नखांचा शेरा नखांपुरताच होता. तो वाचत होती ती मात्र चिखलाच्या चपलांकडे बघणारी बारा वर्षांची मुलगी. आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या ऑफिसात पाऊल टाकताना आवाज खाली जाणारे पालक पुष्कळ आहेत. त्यातले काही घरी येऊन तो आवाज मुलावर चढवतात, काही जेवण सोडतात. मूल मग टपाल अडवतं. अडवणारच.

आता जे मी तिला सांगितलं आणि सगळ्याच पालकांना सांगते.

शेरा मुलासमोर वाचू नका. आधी स्वतः वाचा, घोटभर पाणी प्या, मग त्याला हाक मारा. सही म्हणजे ‘मी वाचलं’ एवढंच, ‘मी गुन्हा कबूल केला’ असं नव्हे. आणि सहीशेजारी एक ओळ लिहायला शिका. मराठीत लिहिली तरी चालते, शिक्षक वाचतात. “आज कापली” ही दोन शब्दांची ओळसुद्धा शाळेला सांगते की पलीकडे माणूस आहे.

शाळेच्या सगळ्या अपेक्षा एका पारड्यात टाकू नका. बूट, केस, वेळ हे गर्दी चालवायचे नियम. साठ मुलांच्या वर्गात तुम्हीही तेच कराल, त्यावर रक्त आटवण्यात अर्थ नाही. मोबाइल, सहलीची परवानगी, कोण न्यायला येणार, हे सुरक्षिततेचे. तिथे शाळा जाचक वाटली तरी मी शाळेच्या बाजूने. हात उगारणं किंवा वर्गापुढे अपमान हे मात्र कुठल्याच पारड्यात नाही. मारहाणीला बंदी घालणारा 2009 चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला, म्हणून काही पालक हात टेकतात. पण मुलांवरच्या क्रूरतेला शिक्षा देणारा 2015 चा बालन्याय कायदा शाळा कुणाची आहे ते पाहत नाही. तिथे एका ओळीचा शेरा तुम्ही लिहायचा, आणि उत्तर मागायचं.

प्रार्थनेबद्दल बिगरख्रिस्ती पालक कुजबुजत विचारतात. त्यात कुजबुजण्यासारखं काही नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला पालकांच्या संमतीशिवाय मुलाला लावता येत नाही, हे घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. बहुतेक शाळांत कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला बसतात त्याच तासाला बाकीची मूल्यशिक्षणाला. खटकत असेल तर प्रवेशाच्या वेळीच विचारा, सातवीत भांडू नका.

कॅथलिक पालकांची अडचण निराळी. त्यांना वाटतं, मुलगा मिस्सेला चुकला तर शाळेत आणि पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या मंडळींत, आपलंच प्रगतिपुस्तक लाल होतं. त्यांना मी चर्चचंच म्हणणं दाखवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं त्यात पालकांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटलंय. शाळा त्यांच्या मदतीला. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेत, 796 व्या कलमात, पालकांनी शिक्षकांना सहकार्य करावं हे आहेच. पण पुढचं वाक्य फारसं कुणी वाचत नाही. शिक्षकांनी पालकांचं मनापासून ऐकून घ्यावं आणि त्यासाठी पालकांच्या सभा, संघ असावेत, असंही त्यात आहे. म्हणजे अपेक्षा दोन्हीकडून आहे. आपण आपल्याच बाजूची पाठ करतो.

मी तिच्याबरोबर शाळेत गेले. सहसा जात नाही, पण तिने जाताना चपला कुठे काढायच्या असं विचारलं, तेव्हा ठरवलं जायचं. मुख्याध्यापिका सिस्टर वसईच्याच निघाल्या. हमीपत्राचा विषय निघायच्या आधी आईने सांगितलं, “सिस्टर, सह्या त्याने केल्या, पण कारण मी आहे,” आणि सगळं मराठीत सांगितलं, केळ्यांसकट. सिस्टरांनी मध्ये एकदाही इंग्रजी आणलं नाही. 796 व्या कलमाचा उल्लेख मी केला तेव्हा मात्र माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि हसल्या. हमीपत्र रद्द नाही झालं. व्हायलाही नको होतं, सतरा सह्या म्हणजे सतरा सह्या. पण त्यात एक ओळ शाळेच्या बाजूने घातली गेली, की तीन शेऱ्यांनंतर वर्गशिक्षिका फोन करेल. ती ओळ मी सुचवली होती, हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

धाकट्याने माफीनामा लिहिला. वडिलांनी जहाजावरून व्हिडिओ कॉलवर तो ऐकला आणि पहिल्यांदाच ‘विषय संपव’ म्हणाले नाहीत. लहानपणी आपणही बाबांची सही मारली होती, असं म्हणाले. आजीला हे नवीनच होतं. त्यावरून वेगळंच भांडण झालं, ते असो.

ऑगस्टात तिचा फोन आला. पीटीला काळे बूट घालून गेला म्हणून शेरा आला होता. “सही केली,” ती म्हणाली, “शेजारी लिहिलं, पांढरे अजून वाळले नव्हते, पाऊस तुम्हीही बघताय. तर मिसने खाली हसरा चेहरा काढलाय.”

“आणि धाकटा?”

“माझ्या ताटाकडे बघत बसला होता मेला. बोंबलाचं कालवण होतं. दोनदा घेतलं.”