वाचकांचे प्रश्न : पेढे, खोलीचं डिपॉझिट आणि चोपन्न मार्क

या महिन्यात इंग्लंडला शिकायला जाणाऱ्या, गेलेल्या मुलांची तीन पत्रं आली. मी स्वतः सांगलीची, विश्रामबागेतली, २०१९ ला मास्टर्स करायला लीड्सला गेले होते, त्यामुळे ही पत्रं वाचताना पहिला महिना सगळा डोळ्यापुढं आला. तिघांनाही सविस्तर लिहिते.

ताई, माझा मुलगा सप्टेंबरात एमएस्सीसाठी शेफील्डला चाललाय. सोबत काय द्यावं? सासूबाईंनी दोन किलो कंदी पेढे आणि घरचं तूप द्यायचं ठरवलंय, त्यांना नाही म्हणवत नाही. – एक आई, सातारा

वहिनी, आजींना आत्ताच समजावून सांगा, कारण पेढेही चालत नाहीत आणि तूपही नाही. आपल्याकडून ब्रिटनमध्ये जाताना दुधाचे पदार्थ आणि मटण-चिकनचं काहीही सोबत नेता येत नाही, विमानतळावर सापडलं की काढून घेतात, मग तो घरच्या म्हशीच्या दुधाचा खवा असला तरी तेच. पेढे त्याला निघायच्या आदल्या दिवशी पोटभर खाऊ घाला. तूप तिथं इंडियन दुकानात मिळतंच. कढीपत्ताही ताजा देऊ नका. त्याऐवजी कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, हळद, बेदाणे, भडंग हे द्या. मसाल्याच्या पुड्या मात्र दोन-दोन पिशव्यांत घट्ट बांधा, माझी एक फुटली होती आणि वर्षभर माझ्या स्वेटरला चटणीचा वास यायचा.

कुकर द्या, तीन लिटरचा, पण इंडक्शन बेसचा बघून घ्या, म्हणजे तिथं कसलीही शेगडी असली तरी चालेल. खोलीत लावायचा इलेक्ट्रिक राइस कुकर मात्र देऊ नका, बऱ्याच हॉस्टेलांत तो खोलीत वापरायला बंदी असते. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे पण पिन वेगळी, तीन चपट्या चौकोनी, म्हणून अ‍ॅडॉप्टर दोन तरी द्या. आणि एक प्लास्टिकचा मग द्या बाथरूमसाठी, हे कोणी सांगत नाही आणि पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आठवतं.

फोडणीचं त्याला नीट सांगून ठेवा. तिथं स्वयंपाकघरात धुराचा अलार्म असतो, मी दुसऱ्याच दिवशी मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि सगळी इमारत थंडीत चपला घालून खाली उभी राहिली, मला रडू फुटलं होतं. पंखा आधी चालू करायचा, किचनचं दार बंद ठेवायचं, तेल धूर येईपर्यंत तापवायचं नाही, एवढं केलं की रोज वरण-भात होतो.

गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या. अँटिबायोटिक तिथं मेडिकलमध्ये जाऊन असंच मागता येत नाही. जाड जॅकेट तिथं जाऊन घेऊ दे. पासपोर्ट, युनिव्हर्सिटीचं पत्र, टीबी टेस्टचं सर्टिफिकेट, राहण्याचा पत्ता हे सगळं हातातल्या बॅगेत, कागदावर छापलेलं, फोनच्या भरवशावर नाही.

नमस्कार ताई, मी सांगलीचा, मँचेस्टरला अ‍ॅडमिशन झालंय. व्हिसा मंजूर म्हणून फक्त ईमेल आलाय, पासपोर्टवर काहीच चिकटवलेलं नाही, त्यामुळे घरचे घाबरलेत. आणि खोलीसाठी एकजण फोटो पाठवून म्हणतोय की तीन महिन्यांचं भाडं आधी पाठव, नाहीतर रूम जाईल. पाठवू का?

नको पाठवू. न बघितलेल्या खोलीसाठी एक पौंडही पाठवू नकोस, "रूम जाईल" ही घाई लावतात तिथंच फसवणूक असते. पहिले काही महिने युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, म्हणजे तिथल्या हॉस्टेलात, मिळतंय का बघ, महाग वाटलं तरी. नाहीच मिळालं तर आठवडाभर कुठंतरी तात्पुरता उतर आणि स्वतः पायानं जाऊन घर बघ, बाथरूमच्या कोपऱ्यात ओल आलीय का, हीटर चालतो का, हे फोटोत दिसत नसतंय. इंग्लंडात २०१९ च्या कायद्यानं डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि खोली धरून ठेवायचे पैसे एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त नाहीत. डिपॉझिट मालकानं ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, त्याची पावती माग. मालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहिलास तर डिपॉझिट असं स्कीममध्ये ठेवायचं बंधन त्याच्यावर नसतं, तेही ध्यानात ठेव. खोलीत शिरल्या दिवशी भिंती, गादी, कार्पेट सगळ्याचे फोटो काढून त्यालाच ईमेल कर.

व्हिसाचं म्हणशील तर घाबरू नका, आता तसंच आहे. माझ्या वेळी बीआरपी नावाचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड तिथल्या पोस्टात जाऊन घ्यायला लागायचं, ते बंद झालं, आता ईव्हिसा असतो, म्हणजे सगळं ऑनलाइन. यूकेव्हीआयचं, म्हणजे तिथल्या सरकारी व्हिसा खात्याचं, अकाउंट उघड, त्यात नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, व्हिसाच्या तारखा निघायच्या आधी तपास, आपल्याकडं वडिलांचं नाव मधे असतं त्यामुळे घोळ होतात. घरमालक किंवा कामावरचे कागद मागतील तेव्हा त्या अकाउंटवरून शेअर कोड काढून द्यायचा, तो ९० दिवस चालतो. पुढं कधी पासपोर्ट बदलला तर तिथंही बदलायचा.

पोचल्यावर पहिलं काम युनिव्हर्सिटीत पासपोर्ट घेऊन रजिस्ट्रेशन, बाकी सगळं त्याच्यानंतर, कारण तुझा व्हिसा त्यांच्या नावावर उभा आहे. तिथूनच बँकेसाठी पत्र घे. अकाउंट उघडायला वेळ लागतो म्हणून तोवर फॉरेक्स कार्डात पैसे असू देत. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, त्यातून सुटका मिळायचं पत्रही तेव्हाच माग, घरात सगळेच फुलटाइम विद्यार्थी असतील तर तो टॅक्स भरायचा नसतो, पण कोणी नोकरीवाला सोबत राहायला आला तर बिल येतं, हे आधी बोलून घ्या. आणि जीपीकडं नाव नोंदव, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर म्हणतो तसा, आजारी पडायची वाट बघू नकोस. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य सरचार्ज भरलायस, त्याचा हक्क वापर. साध्या दुखण्यात काय करावं कळेना तर १११ ला फोन, जिवावर बेतलं तर ९९९. दात आणि चष्मा यांचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा ते काम इथं सांगलीतच उरकून जा.

अजून एक, होम ऑफिसमधून (तिथल्या गृहखात्यातून) बोलतोय, दंड भर नाहीतर डिपोर्ट करू असा फोन आला तर सरळ ठेवून दे. ते असे फोनवर पैसे मागत नाहीत.

ताई, मी कराडजवळच्या गावची, सप्टेंबरपासून इंग्लंडात आहे. पहिल्या असाइनमेंटला ५४ मार्क पडले. मला आयुष्यात कधी ७५ च्या खाली पडले नाहीत. आण्णांनी जमिनीवर कर्ज काढलंय, त्यांना सांगायची हिंमत होत नाही, फोनवर मी सगळं छान चाललंय म्हणते. चार वाजता अंधार पडतो, खोलीतून उठावंसं वाटत नाही. एकजण रोख पैशावर आठवड्याला पस्तीस तास काम देतोय, करावं का?

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं.

आधी मार्कांचं बोलू. मास्टर्सला तिथं साधारण ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असतं, ऐंशीच्या वर क्वचितच कोणाला देतात. म्हणजे ५४ हे आपल्या बारावीतले ५४ नाहीत, तू पास झालीयस, तेही परक्या पद्धतीच्या पहिल्याच परीक्षेत. मला पहिल्या निबंधाला ५२ होते. आपल्याकडं पुस्तकातलं नीट, भरपूर, सुवाच्य लिहिलं की मार्क पडतात, मी तसंच चार पुस्तकांतलं सगळं ओतलं होतं. मास्तरांनी बाजूला लिहिलं होतं, हे सगळं त्यांचं झालं, तुझं काय म्हणणं आहे? मला खरंच कळलं नव्हतं की माझं म्हणणं कोणी विचारेल. पेपरासोबत जो फीडबॅक आलाय तो परत उघड, मार्काचा आकडा झाकून नुसता वाच, आणि त्यातलं एक वाक्य घेऊन त्या मॅडम-सरांच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जा. तिथं प्रोफेसरलाही पहिल्या नावानं हाक मारतात, आपल्या तोंडून ते निघत नाही, तरी जा. लायब्ररीत रेफरन्सिंग (कुठलं काय घेतलं ते नोंदवणं) आणि लिहायचं शिकवणारे लोक बसलेले असतात, फुकट, बहुतेक मुलं तिकडं फिरकतच नाहीत.

तू साताऱ्याकडची म्हणून एक सांगते. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत ज्यांचं नाव घातलं, ते बाबासाहेब लंडनला शिकत असताना स्कॉलरशिप संपली म्हणून १९१७ ला अर्ध्यातून परत आले होते, पैसे जमवून १९२० ला पुन्हा गेले. त्यांचाही प्रबंध परीक्षकांनी दुरुस्त करून आणायला लावला, तो त्यांनी परत लिहून दिला, आणि १९२३ ला डी.एस्सी. मिळवली. लंडनला गेलीस तर किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं त्यांचं घर आहे, महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला घेतलंय, आत जाऊन ये. मी तिथं गेले तेव्हा बराच वेळ जिन्यात नुसती उभी होते.

त्या कामाला माझं स्पष्ट 'नको' आहे. डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच परवानगी आहे, सोमवार ते रविवार धरून, एका आठवड्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त असंही चालत नाही. पस्तीस तास रोखीत केलेस आणि कळलं तर व्हिसा जातो आणि आण्णांचं कर्ज तसंच राहतं. तो माणूस पगार बुडवेल तेव्हा तक्रार करायलाही तोंड राहणार नाही. दुसऱ्याच्या नावावर डिलिव्हरी करायलाही कोणी सांगेल, तेही नको, तसला स्वतंत्र धंदा आपल्या व्हिसावर चालतच नाही. युनिव्हर्सिटीच्या आतच लायब्ररी, कँटीन, ओपन डेची कामं निघतात, ती वीस तासांत बसतात.

अंधाराचा त्रास तुला एकटीला होत नाहीये. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागं जातं आणि डिसेंबरात चारच्या आसपासच सूर्य मावळतो, आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेनऊ. मला दुपारचं लेक्चर झालं की थेट गोधडीत शिरावं वाटायचं. सकाळी उजेड असतो तेव्हा अर्धा तास बाहेर चाल, पाऊस असला तरी. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्या असं तिथलं सरकारी आरोग्य खातंच सांगतं, गोळी स्वस्त मिळते. पण उठवतच नाही, जेवण जात नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर जीपीकडं जा आणि युनिव्हर्सिटीच्या वेलबीइंग टीमला मेल कर, हेच कारण देऊन पुढच्या असाइनमेंटची मुदतही वाढवून मागता येते. रात्री फार भरून आलं तर ११६ १२३ हा समॅरिटन्स या मन मोकळं करायला ऐकून घेणाऱ्या संस्थेचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, नाव विचारत नाहीत.

आणि आण्णांना सांग. आईला नाही, आण्णांनाच. रविवारी इथली संध्याकाळ असते तेव्हा, ते रानातून येऊन हातपाय धुऊन बसलेले असतात त्या वेळी लाव. आधी पन्नासला पास असतं हे सांग, मग चोपन्न सांग. शेतकरी माणूस आहे, पहिल्या वर्षी नव्या रानात किती उतारा येतो ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीय. मग मला लिही, ते काय म्हणाले ते.