पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्यापूर्वी

प्रश्न : मला पायथॉन बऱ्यापैकी येते आणि एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचे कोड सर्वांना खुले असते अशा, प्रकल्पाला हातभार लावण्याची इच्छा आहे, परंतु गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोणताही मोठा प्रकल्प उघडला की हजारो फायली पाहून सुरुवात कोठून करावी तेच उमजत नाही. नवख्यांसाठी राखलेली सोपी कामे आधीच कोणीतरी घेतलेली असतात. एका प्रकल्पाला मी छोटी दुरुस्ती पाठवली, म्हणजे ती मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती (पुल रिक्वेस्ट) केली, तिलाही पंधरा दिवसांत उत्तर आलेले नाही. माझे काय चुकते?

उत्तर : आपण आधी नावाजलेला प्रकल्प निवडता आणि मग त्यात काम शोधता, तेथेच घोडे अडते. त्याऐवजी जी लायब्ररी (तयार कोडचा संच) किंवा जे सॉफ्टवेअर आपण नित्य वापरता, त्यात स्वतःला काय खटकते ते पाहावे. कारण तो दोष नेमका कधी उद्भवतो हे आपल्याला ठाऊक असते आणि मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, तीच माहिती हवी असते. ‘प्रोग्राम फाईल उघडत नाही’ एवढ्या तक्रारीचा कोणालाही उपयोग नसतो. ‘अमुक आवृत्तीत, फाईलच्या नावात स्पेस असल्यास ती उघडत नाही, स्पेसच्या जागी अंडरस्कोअर दिल्यास उघडते, एरर मेसेज सोबत जोडला आहे’ असे लिहिले, तर दोष शोधण्याचे बरेचसे काम तेथेच उरकते. असा बग रिपोर्ट हेही योगदानच आहे आणि घाईने लिहिलेल्या कोडपेक्षा मी त्याला अधिक मोल देईन. (दोष सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर मात्र तो चारचौघांत न मांडता प्रकल्पाने सांगितलेल्या खासगी मार्गानेच कळवावा.)

हजारो फायली वाचण्याची गरज नसते. एरर मेसेजमधील शब्द कोडमध्ये शोधले की संबंधित फाईल बहुधा सापडते आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील तिचा इतिहास पाहिला की ती ओळ कोणी, कधी आणि पुष्कळदा कशासाठी लिहिली तेही कळते.

कोडला हात लावण्यापूर्वी ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाची फाईल असल्यास ती सावकाश वाचावी, कारण प्रत्येक प्रकल्पाची रीत निराळी असते. लिनक्स कर्नेलचे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, पॅच (दुरुस्त्या) आजही ईमेलने पाठवले जातात आणि ते देण्याचा आपल्याला अधिकार आहे, याची ग्वाही देणारी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ त्यांत असावी लागते. तर जेंटू लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२४ मध्ये एआय साधनांच्या मदतीने तयार केलेले योगदान घेणे बंद केले.

त्यानंतर प्रकल्प फोर्क करून (आपल्या खात्यात त्याची प्रत घेऊन) वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र शाखेत, काम करावे आणि एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती ठेवावी. येथे नवख्यांना एडिटर हमखास दगा देतो : फाईल सेव्ह करताना तो सगळ्या ओळींची मांडणी परस्पर बदलतो आणि तीन ओळींची दुरुस्ती तपासणाऱ्याला तीनशे ओळींची दिसते. म्हणून कमिट करण्यापूर्वी (बदल गिटमध्ये नोंदवण्यापूर्वी) ‘गिट डिफ’ ही फरक दाखवणारी आज्ञा देऊन प्रत्येक ओळ स्वतः पाहावी. शक्य असल्यास सोबत कोड तपासणारी एक टेस्टही द्यावी, जी दुरुस्तीपूर्वी फेल आणि नंतर पास होते.

राहिला प्रश्न उत्तराचा. अनेक मेंटेनर नोकरी सांभाळून विनामोबदला हे काम करतात, त्यामुळे पंधरा दिवस हा फार मोठा काळ नव्हे. शिवाय निरर्थक दुरुस्त्यांनी ते त्रासलेले असतात. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्सला योगदान देण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टच्या आमिषाने अशा पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला, की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग घेतला त्यांच्याच पुल रिक्वेस्ट धरण्याचा नियम आयोजकांना उपक्रम चालू असतानाच करावा लागला. आपली दुरुस्ती तशी नाही असे गृहीत धरतो. स्वयंचलित टेस्ट फेल झालेल्या नाहीत ना आणि दरम्यान मूळ कोड बदलल्याने कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आलेला नाही ना, हे पाहून एका वाक्याची नम्र आठवण करावी. सोपी कामे ‘घेतलेली’ दिसली, तरी कित्येक महिने हालचाल नसेल तर ‘हे मी करू का?’ असे त्याच इश्यूवर (कामाच्या नोंदीवर) विचारण्यास हरकत नाही. रिव्ह्यूमध्ये बदल सुचवले गेल्यास नवी पुल रिक्वेस्ट उघडू नये. त्याच ब्रँचवर ते बदल पुश करावेत (पाठवावेत), म्हणजे आधीची चर्चा आणि नवे कोड एकाच ठिकाणी राहते.